जर्मन समासांची वही : माउलवुर्फ

सरळ विग्रह केला की जे फसवतात, अशा जर्मन सामासिक शब्दांची वही चालू आहे. या खेपेचा बहुतेक वेळ ‘माउलवुर्फ’ या एकाच शब्दाने घेतला, आणि तो सार्थकी लागला.

माउलवुर्फ म्हणजे मोल, जमिनीखाली बोगदे खणून वर मातीचे ढीग लोटणारा मखमली अंगाचा प्राणी. आजच्या जर्मनमध्ये ‘माउल’ म्हणजे जनावराचं तोंड, ‘वुर्फ’ म्हणजे फेक. पण मोल माती उकरतो ती फावड्यासारख्या रुंद पुढच्या पायांनी! विग्रह आणि प्राणी जुळेनात, म्हणून मागे जात राहिलो.

जुन्या उच्च जर्मनमध्ये ‘मूवेर्फ’ मिळतो. ‘मू’ म्हणजे ढीग. गवताच्या गंजीसाठीचा इंग्रजी ‘माउ’ त्याचाच भाऊबंद. पुढे हा ‘मू’ कुणाला ओळखू येईना, तेव्हा मध्य उच्च जर्मन काळात त्याच्या जागी ‘मोल्ट’ म्हणजे भुसभुशीत माती आली: मोल्टवेर्फ. मला हे रूप सगळ्यांत आवडतं. डॅनिशमध्ये ‘मुल्डवार्प’ आजही नांदतो. जर्मनमध्ये मात्र ‘मोल्ट’ही वापरातून गेला आणि त्या जागेवर ‘मूल’, म्हणजे तोंड, येऊन बसलं. नंतर दीर्घ ‘ऊ’चा ‘आउ’ झाला. ‘हूस’चं ‘हाउस’ झालं, तसंच ‘मूल’चं ‘माउल’.

उत्तरपदही नीट पाहण्यासारखं आहे. इथे ‘वुर्फ’ ही क्रिया नाही, कर्ता आहे: ‘वेर्फन’ म्हणजे फेकणे, ते करणारा. आपल्या व्याकरणात बसवायचा तर शेतकरी, ग्रंथकार यांच्या पंगतीतला उपपद तत्पुरुष. हे लक्षात आल्यावर शब्द खऱ्या अर्थाने उलगडला.

अशा बदलाला एर्न्स्ट फोर्स्टेमान याने 1852 मध्ये ‘फोल्क्सएटिमोलोगी’ हे नाव दिलं. आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो. याच सदरात आणखी दोन नोंदी पुऱ्या झाल्या. ‘हेंगमाटं’ (झोळणा) म्हणजे टांगलेली चटई, असं अगदी पटतं. पण मूळ कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो भाषेतलं ‘हामाका’, स्पॅनिशमार्गे युरोपात आलेलं. ‘आर्मब्रुस्ट’ या धनुष्ययंत्रात हात आणि छाती दिसतात, मागे आहे लॅटिन ‘आर्कुबालिस्ता’.

आता ‘फ्रीडहोफ’ घेतलाय. दफनभूमीच्या या नावात सगळ्यांना ‘फ्रीडं’ म्हणजे शांती ऐकू येते, पण जुना ‘फ्रीटहोफ’ म्हणजे कुंपण घातलेलं आवार.