यादीतून गेलेलं नाव परत आणताना

"ते बिहारचं आहे हो मॅडम," मतदार नोंदणी कार्यालयातले काउंटरपलीकडचे गृहस्थ म्हणाले. तसं पाहिलं तर ते खोटं बोलत नव्हते. मी त्यांच्यापुढे वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलं होतं. १४ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवडणूक आयोगाला सांगितलं होतं की बिहारमधल्या फेरतपासणीनंतरच्या मसुदा मतदार यादीतून जी साधारण ६५ लाख नावं गळालीत ती कारणासकट जाहीर करा, जिल्ह्याच्या वेबसाइटवर टाका, मतदार कार्डाच्या नंबरावरून शोधता येतील अशी टाका. माझं म्हणणं एवढंच होतं की बिहारमधल्या माणसाला कारण कळणार असेल, तर नाव गेलेल्या माझ्या नाशिकमधल्या सासूबाईंना का कळू नये?

आईंचं (सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो) वय ७४. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेला त्यांनी मत दिलं आणि डिसेंबरात गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला वन्संकडे गेल्या. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग फिजिओथेरपी. मुक्काम लांबला, परतल्या त्या पावसाळ्याच्या तोंडावर. पुढे ७ ऑगस्टला राहुल गांधींची मतदार याद्यांवरची ती पत्रकार परिषद झाली आणि 'वोटचोरी' घराघरात पोचली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जो तो आपलं नाव शोधून स्क्रीनशॉट टाकायला लागला. माझं नाव होतं, ह्यांचं होतं. आईंचा नंबर टाकला तर काहीच येईना. स्पेलिंग बदलून पाहिलं, वडिलांच्या नावाने, नवऱ्याच्या नावाने. नाहीच.

नाशिक शहरात पूर्व, मध्य, पश्चिम आणि देवळाली असे मतदारसंघ येतात. आमचा कुठला ते मुद्दाम लिहीत नाही. त्या कार्यालयातल्या कोणावर राग काढायचा नाहीये, आणि खरं तर तिथे मला कोणी वाईट वागवलं नाही. फक्त "नाव गेलंय ना, मग सहा नंबर (नवं नाव नोंदवायचा फॉर्म) भरा" याच्या पुढे कोणी जात नव्हतं. का गेलं, कोणी काढलं, यात कोणाला रस नव्हता.

कारण कळलं ते आमच्या भागाच्या बीएलओकडून, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचारीकडून. ती अंगणवाडी सेविका. खांद्यावरच्या पिशवीत पोषण आहाराचं रजिस्टर आणि मतदार यादी एकत्रच. तिने आमच्या डायनिंग टेबलावर पुरवणी यादीचे स्टेपल केलेले कागद पसरले आणि वगळलेल्या नावांचं पान काढलं. प्रत्येक नावापुढे एकेक इंग्रजी अक्षर. ई म्हणजे मयत, आर म्हणजे दुबार, एस म्हणजे स्थलांतरित. आईंच्या नावापुढे एस, आणि शेजारी तिने स्वतः पेन्सिलने केलेली बारीक टिक.

"ताई, मी आले होते," ती म्हणाली. "तुमचं कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, आजी आता पुण्याला मुलीकडे असतात. मी तसं लिहिलं."

आम्ही दोघंही दिवसा कामावर. शेजारणीने खोटं सांगितलं नाही, बीएलओने खोटं लिहिलं नाही. एवढ्या पगारात, वर अंगणवाडी सांभाळून, घरोघर फिरणाऱ्या बाईला मी काय बोलणार? पण तिने लिहिलं आणि नाव गेलं, या दोन्हींच्या मध्ये कायद्याने एक पायरी ठेवलेली आहे. ती कुठे गेली, हा माझा प्रश्न होता.

ही पायरी मला दाखवली आमच्या ओळखीच्या एका वकील काकांनी. त्यांची बैठक जिल्हा न्यायालयात, आणि कलेक्टर कचेरीही तिथेच सीबीएस बस स्टँडजवळ, त्यामुळे माझी सगळी कामं एका आवारातली. चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या त्यांनी शिकवणीच घेतली. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा. कलम २० म्हणतं की माणूस तात्पुरता बाहेरगावी गेला म्हणून त्याचा रहिवास संपत नाही. कलम २२ म्हणतं की गाव सोडलं या कारणावरून नाव काढायचं असेल तर आधी त्याला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्या. आणि १९९५ चा लाल बाबू हुसेन खटला. दिल्ली-मुंबईतल्या गरीब वस्त्यांमधल्या मतदारांना तेव्हा 'तुम्ही नागरिक असल्याचं सिद्ध करा' अशा नोटिसा गेल्या होत्या. सुप्रीम कोर्ट म्हणालं, ज्याचं नाव आधीच यादीत आहे ते रीतसर चौकशी होऊनच आलं असं धरून चाला, आणि काढायचं असेल तर संशयाचा आधार काय ते त्याला सांगा, त्याचं ऐका.

"म्हणजे तुझा तो बिहारचा कागद काढायची गरजच नव्हती," काका म्हणाले. "हे तीस वर्षांपूर्वीचं आहे आणि अख्ख्या देशाला लागू आहे."

काकांना विषय मिळाला की ते थांबत नाहीत. मत देणं हा मूलभूत हक्क आहे का, असं मी सहज विचारलं. तर १९५२ च्या पोन्नुस्वामी खटल्यापासून सुरुवात. कोर्टाने तेव्हापासून हा कायद्याने दिलेला हक्क मानलाय, २००६ मध्ये कुलदीप नय्यर प्रकरणातही तेच. २०१३ च्या 'नोटा'च्या (यापैकी कोणीही नाही) निकालात थोडं पुढे जाऊन म्हटलं की मत देताना निवड करण्याचं स्वातंत्र्य हे अभिव्यक्तीत येतं. २०२३ मध्ये अनुप बरनवाल खटल्यात न्यायमूर्ती अजय रस्तोगींनी वेगळं लिहून तो मूलभूत हक्क असल्याचं म्हटलं, पण ते त्यांचं एकट्याचं. मग काकांचा आवडता किस्सा. जुलै २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोठडीतल्या माणसाला मत देता येत नाही, तर त्याला निवडणूकही लढवता येणार नाही. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष एक झाले आणि काही आठवड्यांत संसदेने कायदा बदलला. कोठडीतून लढता येतं हे पक्कं झालं. कोठडीतल्या माणसाचं मत मात्र होतं तिथेच राहिलं. "उमेदवाराची काळजी सगळ्यांना," काका म्हणाले, "मतदाराची कोणाला आहे?"

मुद्द्यावर येते. काकांनी दोन वाटा सांगितल्या. एक, सहा नंबरचा फॉर्म, म्हणजे आई नव्या मतदार म्हणून येणार. दुसरी, कलम २४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, म्हणजे नाव काढण्याचा आदेशच चूक होता हे ठरवून घेणं. अपिलाची मुदत १५ दिवसांची. पण जो आदेश आम्हाला मिळालाच नाही त्याचे १५ दिवस मोजायचे कुठून? म्हणून सोबत उशीर माफ करण्याचा अर्ज. मी दोन्ही केलं. आईंच्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राप्रमाणे त्यांचीही कागदावरची जन्मतारीख १ जून. आधार, लाइटबिल, जुनं मतदार कार्ड सगळं जोडलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवमतदार झाल्याचं आईंना फार हसू आलं.

हे चालू असताना घरी राजकारण आलंच. सोसायटीत बातमी फुटली होती. विरोधी बाजूच्या एका पक्षाचे कार्यकर्ते आले. त्यांच्या सभेत आईंनी फक्त स्टेजवर उभं राहायचं, बोलणारे ते बोलतील. आई म्हणाल्या, "नवे गुडघे बसवलेत ते तुमच्या स्टेजवर झिजवायला नाही." दोन दिवसांनी दुसऱ्या बाजूचे, ओळखीतलेच. त्यांचा सूर वेगळा. "वहिनी, कोर्टाने तरी स्थगिती दिली का? नाही ना? मग प्रक्रिया बरोबरच आहे. तुम्ही बाहेरगावी जाताना कळवायला हवं होतं." मी त्यांना विचारलं, कोणाला कळवायचं असतं? ते त्यांना माहीत नव्हतं.

गंमत अशी की दोघंही त्याच कोर्टाचं नाव घेत होते. कोर्टाने नावं जाहीर करायला लावली म्हणून विरोधक पेढे वाटत होते, आणि कोर्टाने बिहारची फेरतपासणी थांबवली नाही म्हणून सत्ताधारी. २२ ऑगस्टला कोर्टाने जे विचारलं ते मात्र दोघांनीही माझ्या दारात काढलं नाही. बिहारमध्ये पक्षांचे दीड लाखाहून जास्त बूथ एजंट नेमलेले, मग त्यांच्याकडून हरकती इतक्या नगण्य का, असं कोर्टाने विचारून बारा पक्षांना कामाला लावलं होतं. मी दोन्ही पाहुण्यांना सांगितलं की तुमचा बूथ एजंट आमच्या यादीवर कोण आहे ते सांगा, मी त्याला आणखी नावं देते. नावं होतीही. आमच्याच विंगमधली एक विद्यार्थिनी, होस्टेलला गेलेली, तीही एस. बूथ एजंट काही आला नाही.

माझं मत विचाराल तर आईंचं मत कोणी चोरलं नाही. आळसाने गेलं. पण 'चोरी झाली नाही' म्हणजे 'सगळं आलबेल आहे' असं होत नाही, आणि या दोन टोकांच्या मध्ये बसणाऱ्या प्रकरणाला कोणी वाली नाही. त्यात एक विसंगती मला अजून खुपते. बिहारमध्ये आरडाओरडा कमी केलेल्या नावांचा होता, आपल्याकडे जास्त झालेल्या नावांचा. १ नोव्हेंबरला मुंबईत सत्याचा मोर्चा निघाला. राज ठाकरे, उद्धव ठाकरे, शरद पवार, सगळे एका व्यासपीठावर. दुबार नावं काढा, याद्या साफ करा, मगच निवडणुका घ्या. त्याच दिवशी गिरगावात भाजपचं मूक आंदोलन. दुबार नावं काढायलाच हवीत, त्यात वाद नाही. पण साफसफाई ज्या हातांनी होते ते हात मी आमच्या डायनिंग टेबलावर पाहिले होते, आणि ते घाईत असले की काय जातं हेही. चुकून गेलेली नावं परत घ्या, ही मागणी त्या गदारोळात मला कुठे ठळक ऐकू आली नाही.

सहा नंबर मंजूर झाला. तीच बीएलओ पडताळणीला आली, आईंना खुर्चीत बसवून फोटो काढला, चहा घेतला. अपिलाची तारीख त्यानंतर लागली. समोरचे अधिकारी सभ्य होते. फाइल चाळून म्हणाले, नाव तर आलं, आता अपिलात काय राहिलं?

"तारीख राहिली," मी म्हटलं.

काकांनी पढवून पाठवलं होतं. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती, आणि महापालिकेसाठी वेगळी यादी होत नाही. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी एका ठरावीक दिवसाची घेतो आणि प्रभागांत फोडतो. या वेळी तो दिवस होता १ जुलै २०२५. त्या दिवशी यादीत आई नव्हत्या. सहा नंबराने आल्या त्या त्यानंतर. जुनी नोंद चुकीने गेली असं ठरलं तरच काही बोलायला जागा होती. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं. आदेशात आलं ते असं : नाव समाविष्ट झाल्याने अपील निकाली.

नोव्हेंबरात प्रभागाच्या प्रारूप याद्या लागल्या. आई नव्हत्या. मी हरकत घेतली. उत्तर अपेक्षित तेच आलं. या टप्प्यावर प्रभाग चुकला, लिहिण्यात चूक झाली, विधानसभेच्या त्या यादीत असून इथे राहून गेलं, एवढंच दुरुस्त होतं. नवीन नाव घालता येत नाही.

इथे मला खरा राग आला. कारण ही निवडणूकच कोर्टामुळे होत होती. नाशिक महापालिकेला शेवटचं मतदान फेब्रुवारी २०१७ मध्ये. मार्च २०२२ ला मुदत संपली आणि तेव्हापासून प्रशासक. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, तारखांवर तारखा. शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तेही जमलं नाही तेव्हा सप्टेंबरात ३१ जानेवारी २०२६ ची शेवटची मुदत दिली. पक्षांनी निर्णयाचं स्वागत केलं. ज्यांच्यामुळे अडलं होतं त्यांनीही. रस्त्यावरचा खड्डा कोणाला दाखवायचा हे चार वर्षं कळत नव्हतं, त्या शहराला नगरसेवक मिळणार होते, आणि १२२ जागांपैकी आमच्या प्रभागातल्या जागांसाठी मत द्यायला आईंना जागा नव्हती. पुढची महापालिका म्हणजे आई ऐंशीला टेकलेल्या असतील.

१५ जानेवारीला आम्ही दोघं मतदानाला जाऊन आलो. आईंनी विचारलं, "किती बटणं दाबायची होती?" चार सदस्यांचा प्रभाग असल्याने चार, हे सांगितल्यावर म्हणाल्या, "बघ, माझी एकदम चार गेली."

त्यापूर्वीच मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला होता, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. वगळण्याच्या नोटिशीची प्रत, तिचा जावक क्रमांक, ती कशी बजावली, आणि आदेशावर सही कोणाची. उत्तर आलं आहे. पत्त्यावर कोणी न आढळल्याने नोटीस बजावता आली नाही, असं त्यात लिहिलंय. नोटिशीची प्रत जोडलेली नाही. जावक क्रमांकाच्या रकान्यात आडवी रेघ आहे. काकांच्या सांगण्यावरून माहिती अधिकारातलं पहिलं अपील दाखल केलंय. त्या होस्टेलच्या मुलीलाही तसाच अर्ज लिहून दिला. अपिलाच्या सुनावणीची तारीख यायची आहे.