गच्चीवरचं लेट्यूस: माझे तीन हिवाळे

पहिल्या वर्षी लेट्यूसचं बी मी गणपती उठल्यावर लगेच पेरलं. पाऊस ओसरत आला होता, कुंड्या भरून तयार होत्या आणि मेथी-पालकाला जे चालतं ते यालाही चालेल असं मी धरून चालले होते. दहा दिवस रोज सकाळी कुंडीवर वाकून पाहायचे. ओल्या मातीशिवाय काही दिसेना. पुन्हा पेरलं, तेही ऑक्टोबरच्या ऐन उन्हात. कशीबशी तीन रोपं आली. बी जुनं असणार असं वाटून दुकानात जाऊन तक्रारही केली. बी चांगलं होतं. पुडीत उरलेलं तेच बी मी डिसेंबरात सहज एका कुंडीत भुरभुरलं आणि पाचव्या दिवशी कुंडीभर हिरवे ठिपके उगवून आले.

मग मी नीट वाचायला, विचारायला लागले. लेट्यूसचं बी उष्णतेत झोपून राहतं. त्याला उगवायला १५ ते २० अंश तापमान आवडतं. माती २७-२८ अंशांच्या वर गेली की पाणी मिळूनही बरंचसं बी उगवत नाही. पुण्यात कोथरूडला आमची गच्ची तिसऱ्या मजल्यावर, तिथे काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या. ऑक्टोबरात दुपारी त्यांना हात लावला तरी चटका बसायचा, मग आतल्या बियाचं काय होत असेल! दुसरी चूक म्हणजे मी बोटाने खळगे करून बी आत पुरत होते. या बियाला उगवताना उजेड लागतो. ओल्या मातीवर नुसतं पसरून तळव्याने हलकं दाबायचं, वर चाळलेल्या कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, चिमूटभर भुकटी. बस. बी इतकं हलकं असतं की एका ग्रॅममध्ये आठशे-हजार दाणे भरतात, त्यामुळे झारीने पाणी घातलं तर सगळं एका कोपऱ्यात वाहून जातं. मी फवारा वापरते.

दुसऱ्या वर्षी बी फ्रीजमध्ये ठेवून पाहिलं. स्टीलच्या चपट्या डब्यात ओला टिश्यू पेपर, त्यावर बी, झाकण लावून तीन दिवस खालच्या कप्प्यात. सासूबाई दही काढायला गेल्या आणि डबा उघडून म्हणाल्या, "अगं, हे काय मुंग्यांसारखं भिजत घातलंयस?" चौथ्या दिवशी डबा बाहेर काढून स्वयंपाकघरात खिडकीपासून लांब, गार फरशीवर ठेवला. दोन दिवसांत प्रत्येक दाण्यातून पांढरा मोड डोकावला. टूथपिकचं टोक ओलं करून एकेक दाणा उचलला आणि चहाच्या कागदी कपांत लावला. हे कंटाळवाणं काम आहे, पण दिवाळीआधी रोपं हवी असतील तर मला याहून खात्रीचा मार्ग सापडलेला नाही.

आता मी दिवस उलटे मोजते. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते असं आमच्याकडे म्हणतात, आणि लेट्यूसच्या बाबतीत ते अगदी खरं ठरतं. सुट्या पानांचं लेट्यूस पेरल्यापासून ४५ ते ५० दिवसांत खायला येतं. म्हणून पहिली पेरणी कोजागरीनंतर, फ्रीजमधल्या डब्यात. दुसरी दिवाळी झाल्यावर, थेट कुंडीत. तिसरी नाताळच्या आत, आणि त्यानंतर कितीही मोह झाला तरी नाही. बाजारात मिळतं तसं गच्च गड्ड्याचं आइसबर्ग मी दोनदा लावून सोडून दिलं. त्याला पेरल्यापासून अडीच-तीन महिने सलग गारवा हवा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १०-१२ अंशांपर्यंत उतरतात खऱ्या, पण दुपारी पारा पुन्हा २८-३० वर असतो. माझ्याकडे त्याची नुसती सैल पानं वाढली, गड्डा धरलाच नाही. कुरळ्या लाल पानांचं लोलो रोसो आणि उभ्या पानांचं रोमेन मात्र इथे छान होतं.

जागा बदलली हे सगळ्यात मोठं. कुंड्या पूर्वेच्या कठड्याला आणल्या. सकाळी चार तास ऊन, एक वाजल्यानंतर पाण्याच्या टाकीची सावली. काळ्या कुंड्यांना बाहेरून गोणपाट गुंडाळून ते सकाळी पाण्याने भिजवते. मुळं वरवर पसरतात, त्यामुळे आठ इंच खोलीची पसरट कुंडी पुरते, पण ती कोरडी पडली की पानं लगेच चिवट होतात. खत म्हणून गांडूळ खत आणि पंधरा दिवसांतून एकदा भुईमुगाच्या पेंडीचं आंबवलेलं, चांगलं पातळ केलेलं पाणी. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, आला तर निंबोळी तेल, तेही पानं तोडायला आठवडाभर असेल तरच.

बुलबुलांनी मात्र रडवलं. दुसऱ्या वर्षी रोपं चार-चार पानांवर आली होती आणि एका सकाळी पाहते तर नुसत्या शिरा शिल्लक. तेव्हापासून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा काठ्यांवर ताणून बांधते.

पहिली चांगली तोडणी संक्रांतीच्या आधीची. सकाळी सात वाजता, पानांवर दव असताना बाहेरची पानं हाताने मोडून घेतली आणि मधला कोंब तसाच राखला; अशी एका रोपावरून चार-पाच वेळा पानं मिळतात. गार पाण्यात बुडवली की ती कडक होतात, मोडताना कुरकुर वाजतात. सासूबाईंनी एक पान चावून पाहिलं आणि म्हणाल्या, "याला चव कुठाय?" मग त्यांनीच ती बारीक चिरली, लिंबू पिळलं, मीठ-साखर, दाण्याचं कूट, वरून हिंग-मोहरीची फोडणी आणि हिरवी मिरची. त्या पचडीपुढे मला विकतच्या ड्रेसिंगची आठवणही होत नाही. फक्त फोडणी गार करून, अगदी वाढताना घालायची. गरम घातली तर पानं माना टाकतात.

फेब्रुवारी अर्धा सरला की रोपाकडे रोज पाहावं लागतं. बसकं रोप मधूनच उंच व्हायला लागतं, दोन पानांमधलं अंतर वाढतं, नवी पानं टोकदार निघतात. कांद्याला डोंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, येतो तसाच हा प्रकार. देठ मोडला तर दुधासारखा पांढरा चीक ठिबकतो, बोटांना चिकटतो आणि सुकून तपकिरी होतो. पान चाखलं तर जिभेच्या मुळाशी कडू. अशा वेळी मी सगळी रोपं एका सकाळी उपटून घेते, कोवळं तेवढं निवडते, बाकी कंपोस्टमध्ये.

एक रोप ठेवते. जे सगळ्यात आधी उंच झालं ते नाही, जे सगळ्यांत शेवटपर्यंत बसकं राहिलं ते, कारण मला उन्हाला दाद न देणारं बी हवं आहे. ते कमरेएवढं वाढतं, मार्चमध्ये त्याला छोटी पिवळी फुलं येतात. सकाळी उमलतात, दुपारपर्यंत मिटतात. दोन-तीन आठवड्यांनी त्या जागी कापसासारखे झुपके दिसले की शेंडा कागदी पिशवीत वाकवून झटकायचा. लेट्यूस स्वतःच्याच परागांनी फळतं, त्यामुळे पुढच्या वर्षी बहुतेक तसंच रोप मिळतं. तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या अर्ध्या कुंड्या घरच्या बियाच्या होत्या आणि फेब्रुवारी संपेपर्यंत त्यातल्या दोन अजून गोड होत्या.

यंदाचं बी फ्रीजच्या दारात पुडी करून ठेवलंय. दोन पुड्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना दिल्या. त्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: कोजागरीच्या आधी उघडू नका, वर माती टाकू नका.