चौथा रकाना

दारू बंद झाली की माणूस निवळतो, असं घरच्यांना वाटतं. तसं होत नाही. बाटली जाते, तोरा राहतो. एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना साथ देणारी संघटना) मीटिंगमध्ये अशाला ‘ड्राय ड्रंक’ म्हणतात. (रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात. एएच्या बारा पायऱ्या त्यानंतरच्या.)

माझा तोरा उतरायला लागला तो चौथ्या पायरीच्या, म्हणजे स्वतःचा हिशेब लिहून काढायच्या वहीत. दोनशे पानी वही आडवी धरून पट्टीने चार रकाने आखले: राग कुणावर, कशामुळे, माझं काय दुखावलं, आणि यात माझा वाटा काय. ओळीने आडवं भरत गेलं की पहिल्याच नावावर रात्र सरते. म्हणून उभं भरायचं: आधी सगळी नावं, मग सगळी कारणं. तीन रकाने भराभर होतात. वाणी, चारचौघांत उधारी मागितली, इज्जत गेली. हात अडतो चौथ्याशी: तीन महिने उधारी थकवली आणि त्या पैशांची प्यायलो. तो कोरा ठेवून पाचव्या पायरीला बसलं तर स्पॉन्सरने (पायऱ्या करून घेणारा जुना सदस्य) वही परत द्यावी, हे माझं स्पष्ट मत.

पाचवी म्हणजे हे सगळं मोठ्याने वाचणं, दोन-तीन तास सहज जातात. बायकोसमोर मात्र वाचू नये. आपण हलके होतो, ओझं तिच्या डोक्यावर.

नवव्या पायरीत, म्हणजे ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करताना, चूक होते ती ‘पण’ या शब्दाची. ‘चुकलं, पण तुम्हीही...’ म्हटलं की माफी तिथेच संपली. वाण्याकडे जाताना एकूण आकडा आणि दर महिन्याला झेपेल तेवढीच रक्कम ठरवून गेलो. मोठा हप्ता कबूल करून चुकवणं ही जुनीच सवय.

शांतीसाठी मीटिंगमधली प्रार्थना (जे बदलता येत नाही ते स्वीकारायची, जे येतं ते बदलायची) नुसती म्हणून भागत नाही. रात्री दहाव्या पायरीला, म्हणजे रोजच्या हिशेबाला, पाच मिनिटं कागदावर दोन बाजू करतो. बायको विश्वास कधी ठेवेल, हे ‘हातात नाही’ खाली. पगार एक तारखेला तिच्याकडे देणं, हे ‘हातात आहे’ खाली. तलफ संध्याकाळी सातच्या सुमाराला येते. तेव्हा आधी विचारायचं: भूक, राग, एकटेपणा, थकवा, यातलं काय? बहुतेक वेळा पोटच रिकामं असतं. पोहे खाऊन मग स्पॉन्सरला फोन.