आज तिने दाढी लावली!

आज फिल्मसिटीत सकाळच्या शिफ्टला आमच्या असिस्टंट मुलीने एकटीने नटाला अख्खी नकली दाढी लावली. स्पिरिट गमचा (त्वचेवर केस चिकटवायच्या डिंकाचा) पातळ हात, तो चिकट होईपर्यंत धीर, मग हनुवटीखालून वर वर क्रेपचे नकली केस, थरावर थर. घाई केली की केस धरत नाहीत. तिने केली नाही. दुपारच्या उन्हात नट घामाने निथळत होता, दाढी जागची हलली नाही. काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

२०१४ पर्यंत आपल्या इंडस्ट्रीत युनियन बाईला मेकअप आर्टिस्टचं कार्डच देत नव्हती, फक्त हेअरड्रेसरचं. मेकअप आर्टिस्ट चारू खुराना सुप्रीम कोर्टापर्यंत लढल्या, तेव्हा ती बंदी उठली. (हे नाव प्रत्येक मेकअप रूममध्ये माहीत असायला हवं.)

उद्या तिच्याकडे म्हातारपणाचा मेकअप सोपवतेय.