नवी जावा घेऊ का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

नाशिकला गंगापूर रोडच्या पंपावर मी माझ्या जुन्या मोटरसायकलच्या टाकीत पेट्रोल भरून त्यात मिसळायच्या टू टी ऑइलची बाटली पिशवीतून काढली की मागच्या रांगेतलं कोणीतरी हमखास पुढे येतं, ताई येझडी ना ही, आमच्या मामांकडे होती, आणि लगेच दुसरा प्रश्न, ती नवी जावा आलीये ती कशी आहे, घेऊ का? पंपावर मागे हॉर्न वाजत असतात, तिथे काय सांगणार. म्हणून एकदा नीट बसून लिहिते.

आधी एक गैरसमज. आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की महिंद्रा म्हणजे सातपूर, म्हणजे जावा पण इथेच बनते. नाही. सातपूरला स्कॉर्पिओ, बोलेरो अशा मोठ्या गाड्या, जावा-येझडी येतात मध्य प्रदेशातल्या पीथमपूरहून. आणि कंपनीचं नाव क्लासिक लिजंड्स, महिंद्राचा त्यात मोठा वाटा आहे, सोबत अनुपम थरेजा आणि बोमन इराणी. हे बोमन इराणी म्हणजे सिनेमातले नव्हेत, रुस्तम इराणींचे चिरंजीव, आणि 1961 मध्ये मैसूरला आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला तो याच इराणी मंडळींचा. मूळ जावा प्रागची, 1929 ची, यानेचेक हे मालकाचं आडनाव आणि वाँडरर ही जर्मन कंपनी, दोघांची पहिली अक्षरं जोडून जावा. पुढे मैसूरवाल्यांनी स्वतःचं नाव लावलं येझडी, इराणातल्या यझ्द शहरावरून. 1996 ला कारखाना बंद पडला आणि 15 नोव्हेंबर 2018 ला जावा परत आली. मधली बावीस वर्षं लक्षात ठेवा, माझं सगळं म्हणणं त्या बावीस वर्षांवरच आहे.

आता नवी जुन्यासारखी आहे का? नाही. आणि खरं सांगते, नाही ते चांगलं आहे.

माझी गाडी म्हणजे बाबांची येझडी रोडकिंग, 1984 ची. 250 सीसी, टू स्ट्रोक, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, डावीकडे एकच दांडा, तो आत दाबून मागे फिरवला की किक आणि पुढे आणला की गिअर. सोळा हॉर्सपॉवर. तिचा आवाज घरी यायचा तेव्हा बाबा अजून कोपऱ्यावर असायचे आणि आई चहा ठेवायची. पण 2009 साली मी एकटी ठाण्याला निघाले आणि कसारा घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद करून उतरत राहिले, चारचाकीत करतात तसं. टू स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच इंजिनात जातं, अ‍ॅक्सिलरेटर बंद म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद आणि ऑइलही बंद, आणि चाक मात्र इंजिनाला फिरवतच असतं. अर्ध्या घाटात पिस्टन जॅम, मागचं चाक जागच्या जागी लॉक. हात आपोआप क्लचवर गेला म्हणून पडले नाही. बाबांनी शिकवलं होतं की उतारावर मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यायची, मीच विसरले होते. टेम्पोत घालून गाडी परत आणली.

भद्रकालीतल्या मेकॅनिक चाचांनी सिलिंडर बोअर करून घेतला, ओव्हरसाइज पिस्टन कुठूनतरी पैदा केला, एक बुश मिळेना तर अंबडच्या लेथवाल्याकडून बनवून आणला. कारखाना बंद होऊन तेरा वर्षं झाली होती तेव्हा! नाशिकमध्ये एमआयडीसी आहे, गल्लीगल्लीत लेथ आहे, म्हणून माझी गाडी आज चालते. पुण्यात, बंगळुरूत, मैसूरला असेच चाचा होते, आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझडी डे म्हणून गाड्या पुसून बाहेर काढणारी माणसं होती. जावा हे नाव 2018 पर्यंत टिकलं ते या लोकांमुळे, त्या बावीस वर्षांत ना शोरूम होतं ना जाहिरात. हे मला फार मनापासून वाटतं आणि नव्या गाडीकडे मी याच नजरेने बघते.

नवी गाडी फोर स्ट्रोक, लिक्विड कूल्ड, रेडिएटर वगैरे सगळं, सहा गिअर. कसारा उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडून बिनधास्त उतरा, ऑइल खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी आहे, इंजिन गाडीला रोखून धरतं. पहिल्या दोन गाड्या, जावा आणि फॉर्टी टू, 293 सीसीच्या होत्या, लोकांनी दणादण बुकिंग केलं आणि मग महिनोन्महिने वाट बघितली. माझ्या भाच्याकडे फॉर्टी टू आहे, ती घेऊन मी वणी करून सापुताऱ्यापर्यंत जाऊन आले, चढाला इंजिन मोकळं फिरतं, बुलेटसारखं खालून ढकलत नाही, थोडं वर फिरवावं लागतं तेव्हा मजा येते. ज्यांना धक् धक् आवाजाची सवय आहे त्यांना हे आवडणार नाही, त्यांनी उगाच घेऊन नाराज होऊ नये.

2024 च्या जानेवारीत जावा 350 आली, इंजिन 334 सीसी, ताकद साडेबावीस पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), म्हणजे पहिल्या मॉडेलपेक्षा कागदावर कमी. लोक यावरून नाक मुरडतात. मी टेस्ट राइड घेतली आणि मला उलट हीच जास्त पटली, शहरात तिसऱ्या-चौथ्या गिअरवर शांत चालते, द्वारका सर्कलच्या गर्दीत सारखे गिअर पाडावे लागत नाहीत. रोज ऑफिसला जाणार असाल तर हीच बघा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फॉर्टी टू एफजे आली, एफजे म्हणजे फ्रांतिशेक यानेचेक, तेच प्रागवाले. 29 पीएस, टाकीवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, दिसायला देखणी आहे आणि पळते पण. पण ही जुन्या कुठल्याच जावाची नक्कल नाही आणि म्हणूनच मला आवडते.

जावाच्याच पेराक मॉडेलबद्दल भाचा भांडतो माझ्याशी. दिसते जबरदस्त, नावही खऱ्या इतिहासातलं आहे, युद्धाच्या काळात लपूनछपून डिझाइन केलेल्या आणि 1946 ला आलेल्या 250 पेराकचं. पण सीट एकाची. आपल्याकडे गाडीवर मागे कोणीतरी असतंच, मी स्वतः बाबांच्या मागे बसून शाळेत गेलेय, मागे जागा नसलेली जावा माझ्या डोक्यात बसतच नाही. जावाच्या बॉबर मॉडेलचंही तेच.

नवी येझडी 2022 च्या जानेवारीत आली, तीन मॉडेल, रोडस्टर, स्क्रॅम्बलर, अ‍ॅडव्हेंचर. हरिहरच्या पायथ्याकडे, त्र्यंबकच्या आतल्या रस्त्यांना पावसाळ्यानंतर जे खड्डे पडतात तिथे अ‍ॅडव्हेंचर उपयोगाची, पण उंच आहे, माझ्यासारख्या बुटक्या बाईला सिग्नलला पाय टेकताना विचार करावा लागतो. शोरूममध्ये बसून बघा, फोटोवर जाऊ नका. रोडस्टरला रोडकिंगची वारसदार म्हणतात, मला रोडकिंग त्यात दिसली नाही, पण हायवेला गाडी स्थिर आहे.

पैशाचं म्हणाल तर 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी 28 चा 18 टक्के झाला आणि ही 334 सीसीची सगळी मंडळी त्यात बसतात, 350 च्या वर गेलं की 40 टक्के.

राहिलं सर्वात महत्त्वाचं. भाच्याची गाडी मी मुद्दाम चाचांकडे नेली होती. त्यांनी उकिडवं बसून बराच वेळ बघितली, सायलेन्सर दोन ठेवले म्हणून खूश झाले, मग म्हणाले बेटी, हिचा सेन्सर गेला तर मी काय करू, माझ्याकडे स्कॅनर कुठाय. बरोबर आहे त्यांचं. जुनी गाडी ठिणगीचा पॉइंट पॉलिश पेपरने घासून रस्त्यात चालू करता यायची, नवी तशी नाही आणि कुठल्याच कंपनीची नवी गाडी आता तशी नाही. म्हणजे चाचांची जागा आता सर्व्हिस सेंटरने घ्यायला हवी, पार्ट वेळेवर यायला हवेत, दहा वर्षांनी आजच्या मॉडेलचा क्लच मिळायला हवा.

त्यामुळे बुकिंगच्या आधी एक काम करा. शनिवारी-रविवारी नको, मंगळवारी-बुधवारी दुपारी तुमच्या जवळच्या सर्व्हिस सेंटरला जा, शोरूमला नाही, सर्व्हिसला. तिथे उभ्या असलेल्या गाड्यांच्या मालकांशी बोला, किती दिवस झाले विचारा. मग काउंटरवर क्लच प्लेट, रेडिएटरचा फॅन आणि पुढचा इंडिकेटर या तीन पार्टची किंमत आणि किती दिवसांत येतील ते विचारा, कागदावर लिहून घ्या. उत्तर पटलं तर 350 घ्या किंवा एफजे घ्या, आणि पंपावर भेटलात की तो कागद मला पण दाखवा.