व्यापार धोरणाच्या वकिलाचे काम नेमके कोठे असते

आंतरराष्ट्रीय व्यापार धोरण हे वकिलीचे क्षेत्र म्हणून फार जुने नाही. 1947 च्या गॅट करारापासून, म्हणजे आयात शुल्क आणि व्यापार यांविषयीच्या सर्वसाधारण करारापासून, 1995 मध्ये जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात येईपर्यंत देशांमधले व्यापारी तंटे मुख्यतः मुत्सद्दीच हाताळत असत. तंटा हरलेला देशही पॅनेलच्या, म्हणजे तंटा तपासणाऱ्या तज्ज्ञगटाच्या, अहवालाचा स्वीकार रोखू शकत असल्यामुळे कायदेशीर युक्तिवादापेक्षा तडजोडीला अधिक वजन होते. नव्या संघटनेने हा नकाराधिकार काढून घेतला आणि सात सदस्यांचे अपील मंडळ नेमले, तरीही वकिलांना दार लगेच उघडले नाही. युरोपच्या केळी-आयातीच्या गाजलेल्या तंट्यात सेंट लुशिया या छोट्या कॅरिबियन देशाने खासगी वकील आणले, तेव्हा पॅनेलने त्यांना बैठकीत बसू दिले नाही. 1997 मध्ये अपील मंडळाने मात्र आपल्या शिष्टमंडळात कोणाला घ्यायचे हे ज्या त्या देशाने ठरवावे, अशी भूमिका घेतली. या व्यवसायाच्या वाटचालीतले हे सर्वांत महत्त्वाचे वळण आहे असे मी मानते, कारण ज्या देशाच्या व्यापार मंत्रालयात मोजकेच अधिकारी असतात, त्याला बाहेरून जाणकार वकील आणता आला तरच समोरच्या बड्या देशाशी बरोबरीने वाद घालता येतो.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या तरुण वकिलांच्या डोळ्यांसमोर बहुधा जिनिव्हातली, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या मुख्यालयातली, सुनावणी असते. प्रत्यक्षात अनेकांची सुरुवातीची वर्षे अँटी-डंपिंग चौकशांमध्ये जातात. निर्यातदार आपला माल स्वतःच्या देशातल्या दरापेक्षा कमी दराने परदेशात विकतो का, आणि त्यामुळे तिथल्या उद्योगाचे नुकसान होते का, हे त्या चौकशीत तपासले जाते. दरांतली ही तफावत दोन टक्क्यांपेक्षा कमी निघाली तर प्रकरण तिथेच मिटते, त्यामुळे वाहतूक, पॅकिंग, उधारीचा कालावधी आणि घाऊक विक्रीवरील सूट यांपैकी कोणती वजावट मान्य होते यावर संपूर्ण प्रकरणाचा निकाल अवलंबून राहू शकतो. चौकशी अधिकाऱ्यांच्या प्रश्नावलीला उत्तर देण्यासाठी निर्यातदाराला किमान 30 दिवस मिळतात, आणि माहिती अपुरी राहिली तर अधिकारी उपलब्ध माहितीवरून, म्हणजे बहुतेक वेळा तक्रारदाराच्या आकड्यांवरून, निष्कर्ष काढू शकतात. म्हणून वकिलाला कारखान्याच्या लेखापालाशेजारी बसून बिले ताडून पाहावी लागतात. हे काम दुय्यम आहे असे मला कधीच वाटले नाही. एकदा लागलेले शुल्क साधारणपणे पाच वर्षे टिकते आणि फेरचौकशीनंतर त्याची मुदत आणखी वाढू शकते. तेवढ्या काळात कामगारांसह एखादा संपूर्ण कारखाना बाजारातून बाहेर फेकला जातो.

धोरणाच्या बाजूने पाहिले तर या वकिलाचे खरे कसब कळण्यासाठी कोळंबी आणि समुद्री कासवांच्या प्रकरणाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. ज्या देशांच्या बोटींवर कासवांना जाळ्यातून निसटू देणारे साधन सक्तीचे नाही, त्यांची कोळंबी घेण्यास अमेरिकेने बंदी केली, आणि भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांनी त्याविरुद्ध तक्रार केली. 1998 मध्ये अमेरिका हरली. मात्र कासवांचे रक्षण हा हेतू अपील मंडळाने अमान्य केला नव्हता. संपुष्टात येऊ शकणाऱ्या नैसर्गिक संपत्तीच्या रक्षणासाठी गॅटच्या कलम 20 मध्ये जी मुभा आहे, तिच्यात तो बसतो असेच त्याने म्हटले. आक्षेप होता अंमलबजावणीवर. कॅरिबियन भागातील देशांना तयारीसाठी तीन वर्षे मिळाली होती आणि तक्रारदारांना अवघे चार महिने. शिवाय काही देशांशी वाटाघाटी झाल्या होत्या, इतरांशी झाल्याच नव्हत्या. अमेरिकेने मार्गदर्शक नियम बदलले, वाटाघाटींचा प्रामाणिक प्रयत्न केला, आणि 2001 मध्ये मलेशियाने पुन्हा आव्हान दिले तेव्हा तीच बंदी टिकली. मंत्रालयात बसलेल्या वकिलाने हे मुदतींचे आणि वाटाघाटींचे प्रश्न मसुद्याच्या टप्प्यावरच विचारले असते, तर काही वर्षांचा तंटा बहुधा टळला असता. म्हणूनच या पेशातले सर्वांत मोलाचे काम तंटा सुरू होण्याच्या खूप आधी होते, असे माझे ठाम मत आहे.

नोकरीच्या वाटा अनेक आहेत: सरकारी खाते, जागतिक व्यापार संघटनेचे सचिवालय, वकिलांच्या मोठ्या फर्म, उद्योगसंघटना. 2001 मध्ये जिनिव्हात सुरू झालेल्या सल्लाकेंद्राचा उल्लेख मला मुद्दाम करावासा वाटतो, कारण तिथले वकील विकसनशील आणि अल्पविकसित देशांना सवलतीच्या दरात या कायद्याची मदत देतात, आणि सेंट लुशियासारख्या देशांची गरज ओळखूनच ते उभे राहिले आहे.

डिसेंबर 2019 पासून अपील मंडळ बंद पडले आहे, कारण अमेरिकेने नव्या नेमणुका रोखल्या आणि अपील ऐकण्यास लागणारे तीन सदस्य उरले नाहीत. पोलाद आणि ॲल्युमिनियमवरील अमेरिकी शुल्काविरुद्ध डिसेंबर 2022 मध्ये पॅनेलने निर्णय दिले; अमेरिकेने त्यांवर अपील दाखल केले आणि ते ऐकणारे कोणी नसल्याने प्रकरण तसेच लोंबकळत राहिले. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण नियमांचा आधार सर्वांत आधी दुबळ्या देशांचा सुटतो. काही सदस्यांनी 2020 मध्ये लवादाची पर्यायी व्यवस्था उभारली, पण ती तिच्यात सामील झालेल्यांपुरतीच आहे.

वकिलांचे काम त्यामुळे कमी झालेले नाही. ते पुन्हा देशोदेशींच्या अंतर्गत नियमांकडे वळले आहे. आयात मालाच्या उत्पादनात झालेल्या कार्बन उत्सर्जनावर आकार लावणाऱ्या युरोपीय संघाच्या कार्बन सीमाशुल्क व्यवस्थेत ऑक्टोबर 2023 पासून पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम आणि खते यांसारख्या आयात मालाच्या उत्सर्जनाची माहिती देणे बंधनकारक झाले. ती माहिती कारखान्यात कशी मोजायची, पुरवठादाराने ती दिली नाही तर करारानुसार भुर्दंड कोणी सोसायचा, आणि उत्पादक देशात आधीच भरलेल्या कार्बन शुल्काची वजावट कशी मिळवायची, हे प्रश्न आता अशील घेऊन येतात. ही व्यवस्था कलम 20 च्या चौकटीत बसते का हे ठरवतानाही, वेगवेगळ्या देशांना तयारीसाठी किती अवधी मिळाला आणि त्यांच्याशी कोणत्या वाटाघाटी झाल्या, हेच आधी पाहावे लागेल.