टक्के आधी अपूर्णांकात

आपल्या शाळेच्या गणिताच्या तासांनी एक सवय पक्की लावली: टक्के दिसले की आधी अपूर्णांक, मग आकडेमोड. आज शाळेत असलेल्या मुलांसाठी तीच इथे जरा सविस्तर मांडतो.

रीत साधी. टक्क्याचे चिन्ह काढा, खाली १०० लिहा, अंश-छेदाला मसाविने (दोन्हींना भाग जाणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येने) भागा. ३६ टक्के म्हणजे ३६/१००. मसावि ४, उत्तर ९/२५. मुले अडतात ती मसाविपाशी. खरे तर तिथे शोधण्यासारखे फारसे नसतेच. १०० चे मूळ अवयव २×२×५×५, त्यामुळे ३ किंवा ७ ने भाग जातो का हे पाहूच नका. अंश सम असेल तर २ ने, शेवटी ० किंवा ५ असेल तर ५ ने भागा. प्रत्येकी जास्तीत जास्त दोनदा. ६३/१०० ला तर हातही लावायचा नाही. ३६/१०० सोडवताना १८/५० वर थांबणे ही नेहमीची चूक. दोन्ही संख्या अजून सम आहेत.

टक्केच अपूर्णांकात असले की खरी कसोटी. साडेबारा टक्के म्हणजे २५/२ टक्के. याला १०० ने भागायचे, म्हणजे छेदाला १०० ने गुणायचे: २५/२००, अर्थात १/८. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ; संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याच्या त्याच्या योजनेमुळे तिथल्या गावांत हा आकडा सर्वांच्या तोंडी आहे. एकराचे ४० गुंठे, त्याचा आठवा हिस्सा ५ गुंठे (प्रत्यक्षातल्या वजावटी वेगळ्या). तसेच ३३ पूर्णांक १/३ टक्के म्हणजे १००/३ टक्के, १००/३००, म्हणून १/३.

दशांश चिन्ह असेल तर वर-खाली १० ने गुणा: २.५/१०० चे २५/१०००, म्हणजे १/४०. अर्धा टक्का म्हणजे १/२ नव्हे, १/२००. व्याजाच्या हिशेबात ही चूक शंभरपटीची आहे. १२५ टक्क्यांचे ५/४ होतात, म्हणजे सव्वापट. अंश मोठा दिसला म्हणून उलटवू नका.

जीएसटी धरून लिहिलेल्या रकमेतून कर वेगळा काढताना मोठी माणसेही फसतात. ५ टक्के म्हणजे १/२०, पण ते मूळ किमतीचे. ४२० रुपयांत मूळ किंमत १०० भाग, कर ५ भाग, एकूण १०५. म्हणून ५/१०५, म्हणजे १/२१ घ्यायचा. कर २० रुपये, २१ नव्हे. १८ टक्क्यांना १८/११८, म्हणजे ९/५९. ११८० रुपयांवर ताळा करा: ११८० भागिले ५९ बरोबर २०, गुणिले ९ बरोबर १८०.